करलं!

आज सकाळी राजवाड्याजवळ पोहे-जलेबी खात होतो तर चार वर्षांची भाची म्हणते, मामा, मी सगळं फिनिश करलं! ताई लगेच, करलं नाही गं, केलं. पण मला वाटलं, हे तिला शिकवलं कोणी? मारलं, भरलं, धरलं ऐकून पोरीने नियम स्वतःच काढला, आडमुठं तर ते 'केलं'च आहे ना. आणि ताई स्वतः फोनवर 'येऊन राहिले ना' म्हणते, पुण्याचे पाहुणे हसतात, इथे इंदूरात मात्र हिंदीच्या शेजारात ते कधीच पक्कं झालंय. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक १८३६ चं, तोवर काय लोक मुके होते? असो, बाईसाहेबांनी दुसरी प्लेट मागवली, तीपण थोड्या वेळात 'करली'.