नको असलेला वारसा

नववीला नागरिकशास्त्र शिकवताना एका मुलीनं विचारलं, "बाई, लॉर्ड व्हायचं नसेल तर?" ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही ब्रिटनमधल्या लॉर्डांच्या पदव्यांची उतरंड मी फळ्यावर नुकतीच लिहिली होती. खडू खाली ठेवला आणि ब्रिटिश राजकारणी टोनी बेनची गोष्ट सांगितली.

त्याचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते ३१ भारतमंत्री होते, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी आपला कारभार त्यांच्याच खात्याकडे. १९४२ मध्ये ते व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. थोरला मुलगा युद्धात मारला गेला, वारसा धाकट्या टोनीकडे आला. १९६० मध्ये वडील वारले आणि ब्रिस्टलहून निवडून आलेल्या या खासदाराची जागा त्याच क्षणी गेली. लॉर्डाला कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या लोकांनी निवडलेल्या सभागृहात, बसता येत नसे आणि पदवी सोडायची सोयच नव्हती! पोटनिवडणुकीत लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, तेरा हजारांवर मताधिक्यानं. तरी निवडणूक न्यायालयानं जागा हरलेल्या उमेदवाराला दिली. हे सांगताना मला आजही संताप येतो.

तो मागे हटला नाही. ३१ जुलै १९६३ ला पदवी सोडू देणारा कायदा झाला, त्याच संध्याकाळी त्यानं पदवी सोडली. ऑगस्टमध्ये पुन्हा खासदार. गंमत म्हणजे त्याच कायद्यामुळे ऑक्टोबरमध्ये अर्ल ऑफ होम पदवी सोडून पंतप्रधानपदी राहू शकले, आणि ते बेनच्या विरोधातल्या पक्षाचे!

त्या मुलीनं वहीत 'व्हायकाउंट' लिहून त्यावर आडवी रेघ मारली.