देवाच्या वाटेवरचा पाला

मे महिन्यात आमच्याकडे उन्हाळवाही आटोपलेली असते, कापूस विकून झालेला असतो आणि मृगाला अजून अवकाश असतो. यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४ अंशांवर असताना, त्याच मोकळ्या दिवसांत, मी टोकियोला मुलीकडे पंधरा दिवस राहून आलो. त्या अफाट शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण ज्या एका ठिकाणाने मला आपल्या गावाकडे नव्याने पाहायला लावले, ते म्हणजे मेइजी जिंगू हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान. त्याच्याविषयीच आज लिहीत आहे.

हाराजुकु स्थानकाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला तरुण पोरापोरींनी भरलेली कपड्यांची दुकाने, दर दोन-तीन मिनिटांनी धावणारी लोकल, आणि स्थानकाला लागूनच देवस्थानाची कमान. दोन उभे खांब आणि त्यांवर आडवे लाकूड अशा या कमानीला ते तोरी म्हणतात. मुलगी तिच्यापुढे थांबली, वाकली आणि मग आत गेली. मी रस्त्याच्या मधोमध चालू लागलो, तशी ती म्हणाली, "बाबा, मधातून नका चालू. मधातला रस्ता देवाचा असते." आम्ही कडेने निघालो. पायाखाली बारीक खडी वाजत होती, आणि शे-दोनशे पावलांनंतर लोकलचा आवाज मागे राहिला.

आतली मोठी तोरी बारा मीटर उंच आहे. तिच्यासाठी तैवानमधल्या दीड हजार वर्षांहून जुन्या सुरूच्या जातीच्या वृक्षाचे लाकूड आणले होते, आणि ती १९७५ साली उभी राहिली. मी तिच्या खांबाजवळ बराच वेळ थांबलो. पण खरे सांगायचे तर माझे लक्ष देवळापेक्षा भोवतालच्या रानाकडे होते. सत्तर हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळपास पावणेदोनशे एकर दाट झाडी भर शहरात उभी आहे, आणि ती सारी माणसांनी लावलेली आहे, यावर माझा विश्वास बसेना.

सम्राट मेइजी १९१२ साली वारले आणि सम्राज्ञी शोकेन १९१४ साली. त्या दोघांच्या स्मृतीसाठी १९२० साली हे देवस्थान झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोकांनी सुमारे एक लाख झाडे पाठवली आणि तरुणांनी श्रमदानाने ती लावली. रानाची आखणी होंदा सेइरोकु या वनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह केली. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा यांना निक्को येथील देवस्थानासारखी सुगी नावाची उंच, सरळ सूचिपर्णी झाडे हवी होती. ती झाडे टोकियोच्या जमिनीत नीट वाढणार नाहीत, हे होंदा यांनी त्यांना पटवून दिले आणि या मातीत टिकणारी ओक, कापूर अशी रुंद पानांची सदाहरित झाडे निवडली.

ही आखणी समजायला मला वेळ लागला नाही, कारण आपण सोयाबीनमध्ये तुरीची ओळ टाकतो ती याच विचाराने. सोयाबीन निघून जाते आणि मागे तूर उभी राहते. त्यांनी वरच्या थरात लवकर वाढणारी सूचिपर्णी झाडे ठेवली आणि त्यांच्या सावलीत सावकाश वाढणारी झाडे लावली. वरची झाडे आपल्या वयाने मरतील, त्यांची जागा खालची घेतील, आणि शंभर-दीडशे वर्षांनी हे रान कोणी न लावता, न राखता आपले आपण चालेल, असा तो हिशेब होता. आपले पीक चार महिन्यांचे. दीडशे वर्षांचे पीक पेरणारी माणसे कशी असतील, याचा विचार मी अजूनही करतो. १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य देऊळ जळाले आणि १९५८ मध्ये ते पुन्हा बांधले गेले; रान मात्र बव्हंशी तगले.

हात धुऊन, चूळ भरून आम्ही देवळासमोर गेलो. मी सवयीने चपला काढायला वाकलो, तेव्हा मुलीने सांगितले की इथे चपला घालूनच नमस्कार करतात. मला ते जड गेले, पण तिथली रीत ती तिथली रीत. तिने माझ्या हातावर पाच येनचे नाणे ठेवले. त्याच्या मध्ये भोक असते, आमची आजी जपून ठेवायची त्या भोकाच्या पैशासारखे. पाच येनला ते गो-एन म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ ऋणानुबंध असा आहे, म्हणून ते नाणे पेटीत टाकतात. मग दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचे. समोर मूर्ती दिसत नाही. याचे मला नवल वाटले नाही, कारण आमच्या शिवेवरच्या मातामायलाही कुठे चेहरा आहे. शेंदूर लावलेले पाच दगड, एवढेच तिचे रूप.

देवळाजवळ कापराची दोन मोठी झाडे जोडीने उभी आहेत आणि त्यांना गवताचा जाड पवित्र दोर बांधलेला आहे. ती पतिपत्नीची झाडे मानतात. वटपौर्णिमेला वडाभोवती गुंडाळलेले सूत मला आठवले. कापराचे झाड सदाहरित असले तरी वसंतात नवी पालवी येताना जुनी पाने टाकते. खाली तांबूस पाने पडली होती. त्यांतले एक उचलून मी चुरगळले आणि नाकाशी नेले. तो आमच्या आरतीच्या ताटाचा वास होता. घरी आरतीसाठी आणतो तो कापूर आता बहुधा कारखान्यात तयार होतो. मूळ झाडाची भेट साठ वर्षांनी, परक्या देशात झाली.

परत येताना रुंद खराट्याने वाट झाडणारा एक माणूस दिसला. तो पाला ढिगाने पेटवत नव्हता, गाडीत भरून बाहेरही नेत नव्हता. वाटेवरची सगळी पाने तो कडेला, झाडांच्या बुडाशी लोटत होता. मुलीने सांगितले की सुरुवातीपासूनचा नियमच तसा आहे: या रानात पडलेले पान याच रानाच्या मातीत गेले पाहिजे. गाडगेबाबांचा खराटा पाहिलेल्या मुलुखातला मी माणूस. झाडणाऱ्यापुढे हात आपोआप जोडले गेले. हातातले चुरगळलेले पानही मी तिथेच मातीवर ठेवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या मातामायजवळचे दोन जुने कडुनिंब सभामंडपासाठी तोडले गेले, तेव्हा वर्गणी देणाऱ्यांत मी होतो आणि ठरावावर माझीही सही आहे. आता तिथे पत्रे आहेत, फरशी आहे, आणि मे महिन्याच्या दुपारी तिथे पाय ठेवता येत नाही. चैत्रात नवस फेडायला येणाऱ्या बाया पूर्वी निंबाखाली स्वयंपाक करायच्या. आता त्या नारळ फोडतात आणि लगेच निघून जातात.

आषाढात मी पिकलेल्या निंबोळ्या गोळा करून फरशीच्या चारही बाजूंना टोचल्या. अकरा रुजल्या. बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून प्रत्येकाभोवती बोराटीच्या फांद्या रोवल्या आहेत. शेजारच्या पिंपळाचा पाला गावातली एक म्हातारी रोज पहाटे झाडते आणि आजवर ती तो पेटवून देत असे. मी तिला टोकियोतल्या त्या माणसाविषयी सांगितले. तिने ऐकून घेतले, काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घालायला गेलो, तेव्हा पिंपळाचा पाला त्या अकरा आळ्यांमध्ये सारखा वाटून टाकलेला होता.