न कळलेलं पंक्चर

दुपारी सायकल उलटी करून साखळीला तेल घालत बसलो होतो. मागच्या टायरवर एक ओलसर पांढरा ठिपका दिसला आणि सीटखालच्या दांड्यावर त्याच रंगाचे बारीक शिंतोडे. म्हणजे पंक्चर झालं होतं. सकाळच्या फेरीत कुठेतरी झालं आणि तिथल्या तिथे मिटलंही. मला पत्ता नाही.

माझ्या टायरमध्ये ट्यूब नाही. आत ओतलेल्या सीलंटचं, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाचं, हे काम. काटा घुसला, हवा तिकडे धावली, तिच्याबरोबर तो पातळ द्रवही भोकात शिरला. त्यातले तंतू आणि कण तोंडाशी अडकले, भोवती चीक साकळला. चाकाच्या काही फेऱ्यांत सगळं आटोपलं असेल. उपयोग चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त माझ्याच चाकाची गोष्ट मला शिंतोड्यांवरून कळावी, याचं थोडं वाईट वाटलं.

लहानपणी पंक्चर हा घरातला प्रसंग असायचा. काका सायकल आडवी करायचे, दोन चमच्यांच्या दांड्यांनी टायर रिमवरून उतरवायचे आणि ट्यूब बाहेर ओढून तिच्यात हवा भरायचे. मग बादली. ट्यूबचा एकेक वीतभर भाग पाण्यात दाबत पुढे सरकायचं, आणि बुडबुडे बघायचं काम माझं. एवढी जबाबदारी तेव्हा मला दुसऱ्या कशाचीच नव्हती. व्हॉल्व्हपाशी अडकलेली हवा सुटून उगाच चार बुडबुडे यायचे, मी ओरडायचो, काका मान हलवायचे. खरे बुडबुडे वेगळेच. बारीक, एकामागून एक, न थांबणारे. त्या जागी खूण, मग काचकागदाने घासणं, मग सोल्युशन. ते वाळेपर्यंत ठिगळाला हात लावायचा नाही, हा काकांचा कडक नियम. मी फुंकर घातली तरी रागवायचे. तेवढ्या वेळात ते टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवायचे आणि काटा सापडला की माझ्या तळहातावर ठेवायचे. इतका फालतू काटा, आणि त्याने अख्खी संध्याकाळ अडवली! मी तो काड्यापेटीत जपून ठेवायचो. का, ते विचारू नका.

या सगळ्या कटकटीचं खापर हवेवर फोडायला हवं. भरीव रबराच्या चाकांना पंक्चर ठाऊकच नव्हतं. हाडं खिळखिळी व्हायची तेवढीच. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले. (थॉमसन नावाच्या गृहस्थांनी चाळीसेक वर्षं आधीच अशा टायरचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा कुणाला त्याची गरज वाटली नाही.) डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असल्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे दिव्य. 1891 मध्ये मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेरों पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सायकल शर्यत त्यावर जिंकला. काकांचे चमचे त्या परंपरेतले.

सीलंटमध्ये बहुधा रबराच्या झाडाचाच चीक असतो. बाटली उघडली की नाकात जातो तो अमोनिया, चीक आधीच साकळू नये म्हणून घातलेला. झाडाला जखम झाली की ती बुजवायला हा चीक धावतो. आपण त्याचा टायर केला, आणि टायरला जखम होते म्हणून तोच चीक पुन्हा आत ओतला. एवढं फिरून यायचं होतं तर!

पण तो आत सुकतो. दोन-चार महिन्यांत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, टायरच्या अंगाला त्याची साय धरते आणि आपण निर्धास्त फिरत राहतो. म्हणून मला एक खोड लागली आहे. चाक काढायचं, कानाशी धरायचं, हलवायचं. आत डचमळलं की जीव भांड्यात पडतो. बारीक टायरला 30 ते 60 मिलिलिटर पुरतं, माउंटन बाइकला शंभरच्या आसपास लागतं. पण मला आकड्यांपेक्षा तो आवाज पटतो. घरचे बघत असतात.

पाच-सहा मिलिमीटरहून मोठी चीर मात्र याला आवरत नाही. सगळं पांढरं अंगावर उडतं आणि अखेर ट्यूबच घालावी लागते. म्हणजे ट्यूब नको म्हणून सीलंट घेतलेला माणूस पिशवीत ट्यूब घेऊन फिरतो. ती घालण्याआधी टायरमधून बोट फिरवायचं, तर आत टोकं लागतात. एक इथे, दोन तिथे. कधी घुसले, कोणत्या रस्त्यावर, काही ठाऊक नाही. सगळे तिथेच, चिकात बुजून बसलेले. ते वेचल्याशिवाय ट्यूब टिकत नाही, आणि वेचायला बसलं की उशीर होतोच.

एरवी काटा बाहेरून दिसला तर काय करावं, यावर दोन मतं आहेत. माझा मित्र तो लगेच उपटतो, भोक खाली येईल असं चाक फिरवतो आणि फुसफुस थांबेपर्यंत उभा राहतो. मी राहू देतो. टायर दोघांचेही घट्ट आहेत.