तुम्ही विचारलंत म्हणून: अभिनय का सोडलात?

लग्नात विचारतात, लोकलमध्ये विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असताना विचारलं, "तुम्ही आधी सिरियलमध्ये काम करायचात ना? सोडलंत का मग?" तोंडात नळी होती म्हणून वाचलो.

एरवी माझं उत्तर पाठ असतं. 'मला गोष्ट सांगायची होती, एकच पात्र पुरेना.' ऐकायला बरं वाटतं. वर कुणीतरी म्हणतं, तुमच्यासारखे दिग्दर्शक सतीश राजवाडेही आधी नटच की! मी मान डोलावतो. पण हे खोटं आहे. पात्र मला चांगलं पुरत होतं, मीच त्याला पुरलो नाही.

2006 साल. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, भरत नाट्य मंदिरात टाळ्या घेतलेला मी एका डेली सोपमध्ये थोरला मुलगा करत होतो. गुरुवारी टीआरपी आला आणि पुढच्याच आठवड्यात माझा अपघात झाला. तोही दाखवला नाही, फोनवरच कळवला. मला कळलं प्रॉडक्शनच्या मुलाकडून. "दादा, एक मोठा फोटो आणाल का? जरा हसरा. हार घालायचाय."

फोटो घेऊन स्वतः गेलो. थकलेल्या चेकसाठी, असं तेव्हा सांगायचो. चेक नव्वद दिवसांनी निघतो हे काय मला माहीत नव्हतं? 'चुकलं रे' असं कुणीतरी म्हणेल, ही आशा. कुणी म्हणालं नाही. मेकअपदादांनी चहा दिला, साखर जास्त घालून.

फिल्म सिटीत तेराव्याचा सीन लागला होता. भिंतीवर मी, गळ्यात चंदनाचा हार. पण काचेवर लाइट मारत होता, मॉनिटरवर माझ्या तोंडाच्या जागी पांढरा गोळा. एपिसोड त्याच रात्री टेलिकास्टला जायचा. दिग्दर्शक एडिटला अडकलेले, फोनवरून ओरडत होते, एडी, म्हणजे त्यांचा असिस्टंट, नवखा. लाइट सरकवला की सिरियलमधल्या माझ्या आईचा क्लोज-अप बिघडायचा. दोनदा सरकवून झाला, तेव्हा मी म्हटलं, "अरे, काच काढा की." मग मीच स्टुलावर चढलो. फ्रेमचे खिळे वाकवून काच काढली, मागे वरच्या अंगाला थर्माकोलचा तुकडा खोचून फोटो जरासा खाली झुकवला. मॉनिटरवर मी एकदम स्वच्छ. मेलेला, पण स्वच्छ.

आता आईला रडू येईना. ग्लिसरीन झालं, तरी नजर कोरडीच. आईचं काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "फोटोकडे बघून नाही होत रे. तू उभा राहा ना लुक द्यायला." राहिलो, लेन्सला चिकटून, त्यांची नजर नेमकी तिथे यावी म्हणून. माझ्याकडे बघत ताई रडल्या, अगदी खऱ्या. आणि मी? डाव्या हाताने कॅमेरामनला खुणा करत होतो. चेहऱ्यावर टाइट. अजून टाइट.

पॅकअपनंतर ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणाला, "उद्या येतोस? जरा युनिट सांभाळ." पैसे माझ्या नट म्हणून मिळणाऱ्या पर डेच्या, रोजच्या मानधनाच्या, निम्मेही नव्हते. हो म्हटलं.

पुढे बरीच वर्षं मी याला 'कौल मिळाला' म्हणायचो. आता त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं, बाबा रे, घरभाडं किती महिन्यांचं थकलं होतं तेव्हा? यावर तो म्हणतो, भाड्यासाठीच आलास, तर भाडं फिटल्यावर परत का नाही गेलास? इथे मी गप्प होतो.

काम मला येतं, यात खोटी नम्रता नको. सकाळी नऊला प्रिंटरमधून निघालेला सीन साडेनऊला उभा करतो, बावीस मिनिटांच्या एपिसोडसाठी कधी रात्र चढू दिली नाही. नटांना माणसासारखं वागवतो, हेही छाती ठोकून सांगेन.

म्हणजे, बहुतेक वेळा. गेल्या वर्षी एका मुलाला काढायचं ठरलं. आदल्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून डबा खात होता, भेंडी दिली त्याने मला. मला माहीत होतं. चॅनल सांगेल, म्हणून मी नुसता जेवलो. चार दिवसांनी त्याचा फोटो सेटवर आला. चांगला होता, हसरा. मी आर्टवाल्याला म्हटलं, "काच लावू नकोस."