लहान खोटे आणि त्यावर विसंबणारे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे असे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि मैदानावरचे सामने यांविषयी इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील, याची मला खात्री होती. माझ्यावरचे शाळेचे ऋण एका प्रश्नाचे आहे. लहानसहान खोटे मोठ्या खोट्याइतकेच घातक असते का, हा तो प्रश्न. तो प्रथम आपल्या प्रयोगशाळेत समोर आला आणि पुढे द्राक्ष निर्यातीच्या नोकरीत हंगामागून हंगाम समोर येत राहिला.

नववीत पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग होता. तिपाईवर चंचुपात्र, खाली स्पिरिटचा दिवा, पात्रात टांगलेली तापमापी आणि दर मिनिटाला घ्यायची नोंद, एवढाच तो मामला. पाणी खळखळून उकळू लागले तरी पारा ९८ च्या आसपास थांबून राही; पुस्तकात मात्र १०० अंश छापलेले असल्यामुळे वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये शेवटची नोंद १०० अशीच होती. सरांनी सगळी जर्नले टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘तुम्ही शंभर लिहिलेत म्हणून नाशिक समुद्रकाठी जाणार नाही.’’ मग त्यांनी समजावून सांगितले की, आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, येथे हवेचा दाब कमी असतो आणि म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ९७.५ लिहून पुढे ‘तापमापी बिघडली असावी’ अशी टीप जोडली होती. सरांनी पूर्ण गुण दिले ते तिला. तापमापी बिघडलेली नव्हती, पण तिने जे दिसले ते लिहिले होते आणि जे वाटले ते वेगळे लिहिले होते.

दोन अंशांच्या त्या फरकाने कोणाचेही नुकसान झाले नाही, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. हवेच्या दाबाचा आणि उकळण्याचा संबंध त्या दिवशी तापमापीवर उघड दिसत होता आणि आमच्या वर्गाने तो स्वतःच्या हाताने खोडला होता. सर ती जर्नले सही करून परत देते, तर तो धडा आम्हाला कधीच मिळाला नसता.

आता माझ्या कामाविषयी. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या बागांतून युरोपला द्राक्षे जातात, तेव्हा प्रत्येक बागेची नोंदणी असते आणि प्रत्येक बागाईतदाराकडे फवारणीची नोंदवही असते. कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे असते, कारण फळातला औषधाचा अंश उतरावा म्हणून शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर लागते. आमच्याकडे त्याला सगळे ‘पीएचआय’ म्हणतात. जानेवारीत अवकाळी पाऊस पडला, डाउनी या बुरशीजन्य रोगाची भीती वाटली, घाईने एक फवारणी झाली आणि तेवढ्यात व्यापाऱ्याचा काढणीसाठी निरोप आला की, वहीत आठ दिवस मागची तारीख टाकण्याचा मोह होतो. असाच एक तरुण बागाईतदार मला म्हणाला होता, ‘‘साहेब, माल एक नंबर आहे. आठ दिवसांनी असा काय फरक पडतो?’’ तो लबाड नव्हता. त्याच्यावर सोसायटीचे कर्ज होते आणि फळासाठी केलेल्या गोडी छाटणीपासूनची त्याची सारी मेहनत त्या घडांत लटकलेली होती. त्याच्या दृष्टीने ती तारीख म्हणजे खरोखरच अगदी किरकोळ खोटे होते.

परंतु त्या तारखेवर विसंबून मजूर काढणी करतात, पॅकहाउसमध्ये त्याचा माल इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये चढतो आणि समुद्रापलीकडे कोणीतरी आपल्या मुलासमोर ती द्राक्षे धुऊन ठेवतो. त्यांच्यापैकी कोणालाही ती वही पुन्हा तपासता येत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे आपल्याकडची द्राक्षे युरोपात नाकारली गेली, तेव्हा तेथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. त्या प्रकरणात खोट्या नोंदीचा प्रश्न नव्हता. येथल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. तरीही किती सूक्ष्म गोष्टीवर संपूर्ण जिल्ह्याचा हंगाम टांगलेला असतो, हे आम्ही सर्वांनी तेव्हा पाहिले. म्हणून खोटे लहान आहे की मोठे, हे ठरवण्याचा अधिकार मी ते बोलणाऱ्याकडे देत नाही. त्यावर कोण आणि किती विसंबून आहे, यावरून ते ठरते.

महाभारतातल्या द्रोणवधाच्या प्रसंगाकडेही मी याच दृष्टीने पाहतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, म्हणजे धर्मराजाचे वाक्य शब्दशः खोटेसुद्धा नव्हते. पण भीमाचे बोलणे ऐकूनही ज्यांचा विश्वास बसला नव्हता, त्या द्रोणाचार्यांनी धर्मराजालाच विचारले, कारण हा असत्य बोलणार नाही असा त्यांचा भरवसा होता, आणि त्या भरवशामुळेच त्यांनी शस्त्र खाली ठेवले. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ तेव्हा भुईला टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. उलट सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले की, खरा नफा आणि हिशेबात दाखवलेला नफा यांतली तफावत आरंभी किरकोळ होती आणि ती वर्षानुवर्षे वाढत गेली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक म्हणून दाखवलेल्या रकमेत ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ती पहिली किरकोळ तफावत हिशेबात कोणी लिहिली आणि कोणी तपासली, हे मला त्या शेवटच्या आकड्याहून अधिक महत्त्वाचे वाटते.

सर्वच खोटे सारखे, असे मात्र मी म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजीला ‘आज तुझा चेहरा टवटवीत दिसतो’ असे म्हणणाऱ्या नातवाला खोटी पावती देणाऱ्याच्या रांगेत बसवणे हा निव्वळ हट्ट आहे. आजी त्या वाक्यावर कोणताही निर्णय घेणार नसते. तिला फक्त नातू जवळ हवा असतो. तिच्या तपासणीचा अहवाल मात्र तिच्यापासून लपवला, तर ती स्वतःच्या उरलेल्या दिवसांचा विचार चुकीच्या आधारावर करील, आणि तेथे प्रेमाची सबब मला पुरेशी वाटत नाही. आपल्या घरांतून हे सर्रास घडते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणखी एक गोष्ट सरांकडून घेतली. ९७.५ लिहिणाऱ्या मुलीचे गुण कापले असते, तर पुढच्या प्रयोगाला तिनेही पुस्तकातलाच आकडा लिहिला असता. खरी तारीख सांगणाऱ्या बागाईतदाराचा माल सरसकट नाकारला, तर पुढच्या वर्षी खरी तारीख कोण सांगेल? म्हणून आमच्याकडे उशिरा झालेली फवारणी कोणी आपणहून सांगितली, तर त्याचे नाव यादीतून काढत नाहीत. काढणी तेवढे दिवस पुढे नेतात, नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवतात आणि तेवढ्यात भाव उतरला तर तो माल देशातल्या बाजारात कसा काढता येईल, हे त्याच्याबरोबर बसून पाहतात. तो तरुण बागाईतदार त्या हंगामात थांबला. थोडे मणी तडकले, भावही थोडा कमी मिळाला, आणि पुढच्या छाटणीपासून त्याच्या वहीतल्या नोंदी त्याची बायको त्याच दिवशी, बागेतच बसून लिहू लागली.