इंदूर ते बडोदा : विमानानं म्हणे पन्नास मिनिटं

"विमानानं पन्नास मिनिटं लागतात, आईला गाडीत कशाला हाल करायला लावतोस?" पुण्याहून दादाचा फोन. दोन विमानतळांची नावं मोबाइलमध्ये टाकून त्यानं अंतर काढलं होतं : २६८ किलोमीटर. बडोद्याला दांडिया बाजारात मावशीचं सहस्रचंद्रदर्शन, आणि आईचे गुडघे दिवाळीपासून रुसलेले.

आकडा खरा आहे का, ते मी वहीत करून पाहिलं. इंदूरचा विमानतळ २२.७ अक्षांशावर, बडोद्याचा २२.३ वर. रेखांश ७५.८० आणि ७३.२३. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण १०३ किलोमीटर. पूर्व-पश्चिम २६५, दक्षिणोत्तर ४३. शाळेतला पायथागोरस लावला आणि दादाचेच २६८ आले.

पण पन्नास मिनिटं म्हणजे नुसता अंतराला वेगानं दिलेला भाग. त्या दिवशी विमान आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आम्हाला हव्या त्या तारखेला थेट विमान मिळेना. मिळालं ते मुंबईवरून. इंदूर-मुंबई ५००, मुंबई-बडोदा ३६०, म्हणजे हवेतूनच तिप्पट रस्ता. मध्ये चार तासांचं ताटकळणं. घरून निघण्यापासून मावशीच्या दारापर्यंत बेरीज केली, नऊ तास भरले. अवंतिका एक्स्प्रेस होती, पण ती उज्जैन-रतलामचा वळसा घेऊन भर रात्री बडोद्याला उतरवते. आईनं ऐकूनच हात जोडले.

शेवटी गाडीच काढली. धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा, हालोल. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो. आईच्या गुडघ्यांखाली लोड, मांडीवर दशम्यांचा डबा. माछलिया घाटात ट्रकांमागे रखडलो तेव्हा दादाची पन्नास मिनिटं फार आठवली. दाहोदला चहा. औरंगजेब या गावात जन्मला, हे मी उगाच सांगितलं, आईनं दशमी चावता चावता "बरं, मग?" एवढंच विचारलं. दर दीड तासाला थांबून तिला चार पावलं चालवत होतो. विमानात हे कुठून जमणार? हालोलच्या आधी डावीकडे पावागड दिसला तशी ती सावरून बसली आणि आरशात बघून केस नीट केले. पावणेएकला मावशीच्या दारात. सव्वासात तास.

संध्याकाळी इंदूरच्या सवयीनं आईनं देवापाशी निरांजन लावायला घेतलं. मावशी म्हणाली, "अगं, बाहेर ऊन आहे अजून." खरंच होतं. सूर्याला एक अंश रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात, अडीच अंशांची दहा. बडोदा पश्चिमेला, म्हणून तिथं तेवढा उशिरा मावळतो. आई वात हातात धरून तशीच गॅलरीत जाऊन बसली.