आज १ मे, आणि मी शिकागोत
सकाळी आईचा फोन. "महाराष्ट्र दिन ना, सुट्टी असेल तुला!" म्हटलं, नाही गं, इथे ऑफिस चालू आहे.

गंमत म्हणजे कामगार दिनाची गोष्ट याच गावची. १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी इथे मोठा संप झाला, ४ मे रोजी हेमार्केट चौकातल्या कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कामगारांसाठी १ मे हा दिवस ठरवला. अमेरिकेने मात्र १८९४ साली कायदा करून सुट्टी दिली ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी!

संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून डेस्प्लेन्स स्ट्रीटवरचं त्या सभेचं स्मारक पाहिलं. वक्ते ज्या गाडीवरून बोलले, तिचं ब्राँझचं शिल्प. कुणीतरी लाल फुलं ठेवली होती.

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर : "छान. जेवलास का?"